मडक्याला दिवस गेले

माझी बहुतेक तत्त्वं गैरसोयीतून जन्माला आली आहेत. गाडी परवडत नव्हती तेव्हा मी प्रदूषणावर बोलत असे. सोसायटीची लिफ्ट बंद पडली तेव्हा जिने चढण्याचे फायदे मी चौथ्या मजल्यावर धापा टाकत शेजाऱ्यांना ऐकवले. त्यामुळे मालवण तालुक्यातल्या आमच्या वडिलोपार्जित घराला वीज उरलेली नाही हे कळल्यावर विजेशिवाय जगण्याचं महत्त्व मला पटायला अजिबात वेळ लागला नाही.

वीज पूर्वी होती. मग बिल थकलं. ते कोणी भरायचं यावर आम्हा चुलत भावांत संपूर्ण एकमत होतं: दुसऱ्यानं. मीटर निघून गेला. नवी जोडणी घ्यायला गेलो तर घर अजून आजोबांच्या नावावर. आजोबा सही करण्याच्या पलीकडे गेलेले, म्हणून सगळ्या सहहिस्सेदारांची संमती हवी. एक डोंबिवलीत, एक बडोद्यात, एक मस्कतला आणि एक त्याच वाडीत, पण आमच्याशी न बोलणारा. मस्कतची सही सगळ्यात आधी आली. वाडीतली अजून यायची आहे.

तरीही मे महिना गावी काढायचाच, असं मी जाहीर केलं. उजेडाला कंदील आणि बॅटरी, वाऱ्याला विंझणा, करमणुकीला न बोलणारा भाऊ. सगळी सोय झाली. बायकोनं एकच प्रश्न विचारला, "दूध कुठे ठेवणार?"

"फ्रिज येण्याआधी माणसं दूध पीत नव्हती?" मी म्हणालो.

हे वाक्य पुण्यात, पंख्याखाली, हातात थंड ताकाचा पेला घेऊन बोलायला फार छान वाटतं. बायको काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तिचं गप्प बसणं हा होकार नसतो एवढं मला कळायला हवं होतं. पण मी तोवर वाचनाला लागलो होतो.

वाचन हा माझा जुना दोष. एखाद्या विषयावर तीन लेख वाचले की मला त्या विषयातलं सगळं येतं, आणि चौथा वाचायची गरज उरत नाही. पहिल्या लेखात उत्तर नायजेरियातला महंमद बाह अब्बा नावाचा शिक्षक भेटला. घराणं कुंभाराचं. त्यानं मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवलं, मधल्या फटीत ओली वाळू भरली, तोंडावर ओलं फडकं टाकलं आणि आत वांगी ठेवली. एरवी तीन दिवसांत मान टाकणारी वांगी त्यात २७ दिवस टिकली. २००० साली या मडक्यांसाठी त्याला रोलेक्स पुरस्कार मिळाला. मला वांगी आवडत नाहीत, पण पुरस्कार आवडतात.

दुसऱ्या लेखात गुजरातेतल्या वांकानेरचे मनसुखभाई प्रजापती. २००१ च्या भूकंपानंतर एका वर्तमानपत्रात फुटलेल्या माठाचा फोटो आला, खाली ओळ होती की गरिबाचा फ्रिज फुटला. त्या ओळीवरून त्यांच्या डोक्यात मातीचाच फ्रिज करायचं आलं आणि त्यातून पुढे 'मिट्टीकूल' तयार झाला. वरच्या टाकीतलं पाणी बाजूच्या मातीच्या भिंतींत झिरपतं, त्याची वाफ होते आणि आतला कप्पा गार राहतो. तिसऱ्या लेखात दिल्लीची पुसा संस्था. तिथल्या रॉय आणि खुर्डिया या शास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात विटांचा शीतकक्ष बांधून दाखवला. दुहेरी भिंत, मध्ये साडेसात सेंटिमीटरची फट, फटीत वाळू, वाळूला सकाळ-संध्याकाळ पाणी. एका कक्षात सुमारे १०० किलो भाजी-फळं मावतात आणि वीज शून्य.

नायजेरिया, वांकानेर, दिल्ली. या तीन ठिकाणांमध्ये एक साम्य होतं. ते मला दिसलं नाही. ते पुढे माझ्या आतेनं दाखवलं, आणि तिनं यातला एकही लेख वाचलेला नव्हता.

मी मात्र गणितात शिरलो होतो. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. एक लिटर पाण्याची उन्हाळी हवेत वाफ होताना ते जवळजवळ ५८० किलोकॅलरी ओढून नेतं. म्हणजे बर्फाच्या सातपट! माणसानं बर्फाचे कारखाने काढले, कॉम्प्रेसर बनवले, विजेची बिलं भरली आणि चुलत भावांशी वैर घेतलं, ते सगळं एका लोटाभर पाण्यात भागत असताना. हे गणित मी बायकोला कागदावर मांडून दाखवलं. तिनं कागदाच्या मागच्या बाजूला वाण्याची यादी लिहिली.

गावी पोचताच मडक्यांची खरेदी झाली. आतलं मडकं साधं. बाहेरचं निवडताना मात्र माझ्यातला रसिक जागा झाला आणि मी एक देखणा रांजण उचलला, त्यावर ऑइलपेंटनं वारली माणसं फेर धरून नाचत होती. मातीचं भांडं गार का राहतं? तर त्याला बारीक छिद्रं असतात, त्यातून पाणी बाहेर पाझरतं आणि उडून जातं. माझ्या रांजणाची सगळी छिद्रं वारल्यांनी बुजवली होती. त्यातून थेंबसुद्धा बाहेर येणार नव्हता, पण दिसायला तो अप्रतिम होता.

वाळूचा प्रश्न त्याहून सोपा वाटला. समोर अफाट समुद्रकिनारा असताना वाळू विकत घेणं मला मूर्खपणाचं वाटलं. मी पिशवीभर किनाऱ्याची वाळू आणली. किनाऱ्याच्या वाळूत मीठ असतं, मीठ ओलावा धरून ठेवतं, सोडत नाही, आणि सुकलं की मडक्याच्या छिद्रांत बसून राहतं. म्हणूनच कोकणातला गवंडी तिला हात लावत नाही. पण मी गवंड्याला कशाला विचारू? मी लेख वाचले होते.

जागा निवडली माजघराच्या कोपऱ्यात, जिथे ऊनही येत नाही आणि वाराही. ऊन नको हे बरोबर होतं. वारा मात्र हवा होता. थोडक्यात, पाण्याची वाफ होऊ नये यासाठी एका माणसाला जेवढं करता येतं तेवढं मी एकाच दिवसात केलं होतं.

संध्याकाळी आते आली. शेजारच्याच घरात राहते, वडिलांची सख्खी बहीण, वय विचारण्याची कोणाची हिंमत नाही. तिनं रांजणात डोकावून पाहिलं, आतलं मडकं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"ह्या मडक्याक दिवस गेलेत काय रे?"

मी तिला शांतपणे सगळं शास्त्र समजावून सांगितलं. वाफ, ५८० किलोकॅलरी, नायजेरिया, रोलेक्स. तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. मालवणी माणूस शेवटपर्यंत ऐकतो तेव्हा तो पटलेला नसतो, उत्तर तयार करत असतो.

"ता सगळा बरोबर," ती म्हणाली. "पण ह्या हवेन आदीच पोटभर पाणी पिलेला असा. ती तुझा पाणी कित्याक पितली?"

एवढं बोलून ती ओल्या वाळूत बोट खुपसून, बोटाचा वास घेऊन, हसत निघून गेली.

मी अपमान गिळून पुन्हा कागद-पेन्सिल काढली आणि नाइलाजानं चौथा लेख वाचला. आतेचं प्रत्येक अक्षर खरं होतं. मडक्याचा गारवा पाण्यावर चालत नाही, हवेच्या कोरडेपणावर चालतो. हवा कोरडी तर ती पाणी ओढून घेते आणि मडकं गार पडतं. हवा दमट तर पाणी जागचं हलत नाही. मे महिन्यात नागपुरात पारा ४३ अंशांवर असतो आणि आर्द्रता १८ टक्क्यांच्या घरात. अशा हवेत ओलं फडकं जास्तीत जास्त २४ अंशांपर्यंत उतरू शकतं. आमच्या किनाऱ्यावर पारा ३३ आणि आर्द्रता ७० टक्के. इथे तेच फडकं २८ च्या खाली जात नाही, मग त्यावर कोणीही कितीही पाणी ओतो. म्हणजे माझ्यापेक्षा दहा अंशांनी जास्त भाजून निघणाऱ्या नागपूरकराच्या घरातला माठ माझ्या माठापेक्षा चार अंशांनी गार! विदर्भात वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारून माणसं उन्हाळा काढतात, कूलर लावून दुपारची झोप घेतात. तोच कूलर कोकणात लावला तर उशीला बुरशी येते.

माझी तीन ठिकाणं, उत्तर नायजेरिया, वांकानेर आणि उन्हाळ्यातली दिल्ली, ही तिन्ही कोरडी ठणठणीत होती. मी प्रयोगासाठी निवडलेल्या जागेवरून समुद्र ऐकू येत होता.

इथे शहाण्या माणसानं थांबावं. पण शहाणा माणूस मुळात मस्कतच्या भावाकडून बिलाचे पैसे मागून मोकळा झाला असता. मी वारल्यांना निवृत्त केलं, साधा रांजण आणला, ओढ्याची वाळू धुऊन भरली आणि सगळा संसार वाऱ्यावर, पडवीत मांडला. मत्स्यालयात लावतात तो तापमापक आत टांगला. बाहेर ३३, आत २९. चार अंश! मी पडवीतून ओरडलो. बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं, "फ्रिजमध्ये किती असतं?" मी म्हणालो, "चार-पाच." ती म्हणाली, "मग जमलं की. तुमचेही चारच आहेत."

त्या गारव्याचा पहिला लाभार्थी एक बेडूक होता. ओल्या वाळूत कमरेपर्यंत शिरून तो दिवसभर डोळे मिटून बसायचा. त्याला हलवला की तो संध्याकाळी परत यायचा. पुढे मी त्याला हलवणं सोडलं, कारण माझ्या प्रयोगावर पूर्ण विश्वास असलेला घरातला तो एकमेव जीव होता.

दुसरा लाभार्थी होण्याचा मान बांगड्यांना मिळायचा होता. सकाळी रापणीवरून ताजे फडफडीत बांगडे आले. अर्धे दुपारी खाल्ले, उरलेले मी बायकोच्या हातून अक्षरशः हिसकावून घेऊन मडक्यात ठेवले आणि तोंडावर ओलं फडकं बांधलं. संध्याकाळपर्यंत वाडीतली सगळी मांजरं पडवीत जमली होती. भांडत नव्हती, ओरडत नव्हती, नुसती रांगेत बसली होती. दार उघडायची वेळ त्यांना ठाऊक असावी.

मला वाटलं, तिखट-मीठ लावून खरपूस तळले की चालतील. बायकोनं शाळेत विज्ञान शिकवलं आहे. तिनं मडक्याचं तोंड उघडण्याआधीच मला थांबवलं. बांगडा, तारली, कुपा असे मासे ऊबेत राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, पोट बिघडतं. आणि ते तळून किंवा उकळून जात नाही. अन्नात जंतू झपाट्यानं वाढतात ते ५ ते ६० अंशांच्या दरम्यान. माझं मडकं त्या पट्ट्याच्या ऐन मध्यावर, जंतूंच्या दृष्टीनं अगदी मोक्याच्या जागी होतं. भाजी त्यात ताजी राहते, कारण भाजीला हवा असतो ओलावा आणि थोडा गारवा. मासळीला आणि दुधाला तेवढ्यानं भागत नाही.

बांगडे मांजरांना गेले. ती व्यवस्थित जेवली आणि दुसऱ्या दिवशीही वेळेवर आली.

पण दुधानं माझी लाज राखली. हे मला स्वतःलाही नवल वाटलं. रात्री मडक्यात ठेवलेलं दूध सकाळी उठून बघावं तर ताजं. वर साय. चहा उत्तम. तापमापक २९ दाखवत होता, पुस्तकं सांगत होती की दूध नासायला हवं, आणि दूध नासत नव्हतं. मी विचार करून करून एक उपपत्ती मांडली. माती सात्त्विक, दूध सात्त्विक, म्हणून त्यांचं जमतं. मासळी तामसी, म्हणून तिथे माती हात आखडता घेते. ही उपपत्ती मी परिवाराच्या व्हॉट्सअॅप गटावर बरीच सविस्तर पाठवली, बेडकाच्या फोटोसह. मस्कतच्या भावानं अंगठा दाखवला. वाडीतल्या भावानं संदेश वाचला एवढं दिसलं.

दूध जिंकलं, आता राहिली मासळी. तिच्यासाठी मी इतिहासाकडे वळलो. अकबराच्या पदरी पाणी गार करायला सोरा वापरत, असं अबुल फज्लनं आइन-ए-अकबरीत लिहून ठेवलंय. पाण्यात सोरा विरघळताना उष्णता शोषून घेतो, त्या पाण्यात सुरई फिरवली की आतलं पाणी थंड होतं. मी बाजारात जाऊन सोरा मागितला. दुकानदारानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "रानडुकरांसाठी?" सोरा हा बंदुकीच्या दारूचा मुख्य घटक आहे हे मला तेव्हा आठवलं. "पाणी गार करायला," असं खरं उत्तर दिल्यावर त्याचा संशय दुप्पट झाला. मी दोन नारळ घेऊन परतलो. अकबरानंही १५८६ नंतर लाहोरला असताना सोऱ्याचा नाद सोडून हिमालयातून बर्फ मागवायला सुरुवात केली होती.

मग ज्योतीवर चालणारे फ्रिज आठवले. स्वीडनमधल्या प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांनी १९२२ मध्ये ते शोधले. आत अमोनिया, खाली रॉकेलचा दिवा, एकही हलणारा भाग नाही. दिव्यानं थंडी तयार करायची ही कल्पना इतकी सुंदर आहे की खुद्द आइनस्टाइनला फ्रिजचा मोह आवरला नाही. त्यानं आणि लिओ झिलार्डनं मिळून काढलेल्या फ्रिजला १९३० मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं. आइनस्टाइन आणि मी यांना एकाच प्रश्नानं छळलं, याचा मला आधार वाटला. मात्र असा फ्रिज अगदी समपातळीत ठेवावा लागतो, नाहीतर तो काम करत नाही. आमच्या घराच्या सारवलेल्या जमिनीवर ताटातला वरण-भात एका बाजूला जातो. शिवाय कंदिलाहून जास्तीचं एवढं रॉकेल कुठून आणायचं, या प्रश्नाला आइनस्टाइनकडेही उत्तर नव्हतं.

राहता राहिला बर्फ. आणि बर्फाचा इतिहास तर थेट आपल्या दाराशी येतो. बॉस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरनं १८३३ च्या मे महिन्यात तळ्यांवरचा गोठलेला बर्फ 'टस्कनी' जहाजात भरला. १८० टन. चार महिन्यांनी, विषुववृत्त दोनदा ओलांडून, जहाज कलकत्त्याला लागलं तेव्हा त्यातला जवळजवळ १०० टन शिल्लक होता. गुपित म्हणजे लाकडाचा भुसा. त्याच सुमारास मुंबईतही अमेरिकन बर्फ उतरला आणि जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं. यजमान आणि पाहुणे दोघांनाही सर्दी झाल्याची बातमी तेव्हा 'मुंबई समाचार'नं छापली. चेन्नईत त्या अमेरिकन बर्फासाठी बांधलेलं बर्फघर अजून उभं आहे. पुढे विवेकानंद तिथे राहून गेले, म्हणून आज ते त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

ट्यूडरचा बर्फ बॉस्टनहून कलकत्त्याला जातो, तर माझा बंदरावरून घरापर्यंत का येऊ नये? बंदरावर मासेमारांसाठी बर्फाचा कारखाना असतोच. मी लादी फोडून मोठा तुकडा घेतला, थर्मोकोलच्या खोक्यात घातला, गोणपाट गुंडाळलं आणि मोटारसायकलला करकचून बांधला. बांधला सायलेन्सरच्या बाजूला. घरी पोचलो तेव्हा थर्मोकोलला एका बाजूनं भोक पडलं होतं, उजवी पँट गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि बर्फाचा आकार पूजेतल्या शाळिग्रामाएवढा उरला होता.

दुसऱ्या खेपेला डावी बाजू निवडली, भुसा भरला, बर्फ शाबूत पोचला. पापलेटं त्यात छान निजली. मग मी ती खरंच थंड आहेत ना हे बघायला झाकण उघडलं. थोड्या वेळानं पुन्हा उघडलं. आते आली तिला दाखवायला उघडलं. पोस्टमनला दाखवायला उघडलं. झाकण उघडलं की गार हवा जाते आणि दमट हवा आत येऊन आपल्यातलं पाणी बर्फावर सोडते. ती वाफ पाणी होताना तीच ५८० किलोकॅलरी उष्णता बर्फाला परत देते, जिच्या गणितावर मी मघाशी उड्या मारत होतो. कोकणची हवा माझं पाणी घ्यायला तयार नव्हती, पण स्वतःचं द्यायला एका पायावर तयार होती. ट्यूडरला चार महिने जमलं याचं खरं कारण भुसा नसावं. त्या जहाजावर माझ्याएवढा उत्साही माणूस नसावा.

संध्याकाळी वितळत्या बर्फात तरंगणारी पापलेटं घेऊन मी आतेकडे धावलो. आतेचं म्हणणं मला एव्हाना पाठ झालं होतं: आजचा आज खावचा, उरला तर शेजाऱ्यांक देवचा. शेजारी तीच होती, म्हणून तिलाच देऊन टाकावीत असं ठरवलं. ती मागीलदारी होती. मी सरळ स्वयंपाकघरात गेलो, तर कोपऱ्यात फ्रिज. दोन दारांचा, माझ्या पुण्याच्या फ्रिजहून मोठा. पापलेटं ठेवायला खालचं दार उघडलं आणि समोरच स्टीलचं पातेलं दिसलं. आमच्या लग्नातलं. त्यावर माझं पूर्ण नाव, लग्नाची तारीख आणि 'सप्रेम भेट' असं ठसठशीत कोरलेलं. आत आमचं दूध.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. बायको रोज रात्री मी झोपल्यावर दूध आतेकडे पोचवत होती आणि पहाटे मी उठायच्या आत परत मडक्यात आणून ठेवत होती. मातीच्या सात्त्विकतेला तीन स्टार मिळालेले होते आणि त्याचं लेबल फ्रिजच्या दारावर चिकटवलेलं होतं. "सांगितलं का नाहीस?" मी विचारलं. बायको म्हणाली, "अहो, तुमचा संदेश गेला होता गटावर. वाडीतल्या भावोजींनी वाचला होता. मागे कसं फिरणार?" घराण्याच्या अब्रूपुढे विज्ञानशिक्षिकेलाही वाकावं लागतं ते असं.

आतेला मात्र मी सोडलं नाही. "गे आते, तू तर म्हणत होतीस आजचा आज खावचा. मग हा फ्रिज कशाला?"

"लाइट इली त्याच वर्षी मिया पयलो फ्रिज घेतलंय," ती म्हणाली. "मीठ लावन लावन हात झडले माझे. माका काय येड लागलेला?"

आणि मग तिनं मला फळीवरच्या बरण्या दाखवल्या. फ्रिज आला तरी त्या गेल्या नव्हत्या. मिठातल्या कैऱ्या, वाळवलेली आंबोशी, आमसुलं, खाऱ्या पाण्यातले फणसाचे गरे, साठं, डब्यात सुकट आणि खारवलेला बांगडा. तिच्या लहानपणी दूध दिवसातून तीनदा तापायचं, रात्री उरलेलं विरजायचं. जाळीच्या कपाटाचे पाय पाण्याच्या वाट्यांत असायचे म्हणजे मुंग्या चढत नाहीत. लोणी-दही शिंक्यावर, मांजराच्या उडीच्या वर. माशाची आमटी कोकमं आणि तिरफळं घालून आंबट केलेली, रात्री आणि सकाळी खळखळून उकळलेली. यातल्या कशालाही गारवा लागत नाही. कोकणानं अन्न थंड करायच्या भानगडीत कधी पडूनच पाहिलं नाही. त्यानं अन्नातलं पाणी काढून टाकलं, उन्हानं नाहीतर मिठानं, म्हणजे जंतूंना प्यायला काही उरत नाही. आणि हे सगळं मे महिन्यातच उरकायचं, कारण जूनमध्ये पाऊस लागला की वाळत घातलेलं काहीच वाळत नाही. पावसाळ्याची बेगमी ती हीच. आते अन्नातलं पाणी काढत होती, मी अन्नाभोवती पाणी ओतत होतो. एकाच अंगणात शेजारी शेजारी, पूर्ण आत्मविश्वासानं.

मात्र जुन्या काळाबद्दल हळवं होण्याची सोय तिनं ठेवली नाही. मिठाचं पाणी, चुलीचा धूर, तिन्हीसांजेला पुन्हा दूध तापवणं, हे सगळं कोणाच्या तरी हातांनी होत होतं, आणि ते हात आजोबांचे नव्हते. फ्रिज आल्यावर वाचले ते तिचे हात. 'फ्रिज येण्याआधी माणसं दूध पीत नव्हती का' असं विचारणाऱ्यानं ते दूध तापवायला कोण उठत होतं हेही विचारावं. हे तिचं मत आहे. माझंही आता तेच आहे, कारण पापलेटं तिच्या फ्रिजमध्ये आहेत.

तेव्हा वाचकहो, या विषयात मला जे कळलं ते तुमच्या हवाली करतो. विदर्भात, मराठवाड्यात, खानदेशात राहत असाल तर मडक्यात मडकं जरूर ठेवा, नाहीतर अंगणात विटांचा दुहेरी कक्ष बांधा. मडकं बिनरंगाचं, वाळू नदीची, जागा सावलीची आणि वाऱ्याची, पाणी दोन वेळा. मेथी, कोथिंबीर, टोमॅटो, वांगी त्यात उत्तम राहतील. दूध, मासळी, मटण, शिजवलेलं अन्न मात्र त्यात ठेवू नका, मग लेखात काहीही लिहिलेलं असो. किनाऱ्यावर राहत असाल तर मडक्यातलं पाणी प्या आणि मासळी ज्या दिवशी आणाल त्याच दिवशी खा. आणि तत्त्वासाठी विजेशिवाय राहायचंच असेल तर जागा बघताना पाणी, रस्ता, सातबारा हे नंतर बघा. आधी शेजारी फ्रिज असलेली आते राहते का ते बघा, आणि तिच्याशी कधीही भांडू नका.